वाचकांचे प्रश्न : हिरड्यांचा रोग आणि गालावरचा लाल डाग

प्रश्न : माझ्या माहेरी आईचे आणि मामांचे दात चाळिशीतच हलू लागले व पडले; आता माझ्याही हिरड्यांतून रक्त येते. माझ्या चार महिन्यांच्या नातीच्या उजव्या गालावर जन्मापासून लाल, सपाट डाग आहे. सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून तो उमटला, असे शेजारणी म्हणतात. हे दोन्ही घराण्यातून आले आहे का? डाग लेसरने जाईल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : हिरड्यांच्या रोगात आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. अमेरिकेत 117 जुळ्या जोड्यांची तपासणी करून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, माणसामाणसांत या रोगाच्या तीव्रतेचा जो फरक दिसतो त्यातला सुमारे निम्मा आनुवंशिक असल्याचे आढळले. मात्र त्यामागे एकच जनुक नसून थोडाथोडा परिणाम करणारी अनेक जनुके आहेत, त्यामुळे रक्त तपासून कोणाचे दात पडतील हे सांगता येत नाही. शिवाय आपल्या आई आणि मामा एकाच घरात, कदाचित मिश्रीच्या एकाच डबीवर वाढले असतील, आणि निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात रक्ताचा वारसा कोणता व सवयीचा कोणता हे वेगळे काढणे सोपे नाही. बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग उलट झाकला जातो. आपण मिश्री लावत असाल तर ती बंद करावी, दंतवैद्यांकडून दातांच्या मुळांपर्यंतचे किटण काढून घ्यावे आणि रक्तातील साखर तपासावी, कारण मधुमेहात हा रोग बळावतो.

एक दुर्मीळ अपवाद येथे सांगायलाच हवा. दुधाचे दात चार-पाच वर्षांतच गळून पडणे आणि तळहात-तळपायांची कातडी जाड होणे, या विकाराचे मूळ ‘सीटीएससी’ जनुकात असल्याचे 1999 मध्ये कळले. हा सदोष जनुक आई व वडील दोघांकडून आला तरच तो विकार होतो. मामा-भाची किंवा मामेबहिणीशी लग्ने होणाऱ्या आपल्या सीमाभागात म्हणूनच त्याची आठवण ठेवावी.

नातीच्या डागाचे वर्णन ‘पोर्ट-वाइन’ डागाशी जुळते. त्यामागे बहुधा ‘जीएनएक्यू’ जनुकातील बदल असतो, असे 2013 मध्ये दिसून आले. हा बदल गर्भ वाढत असताना त्वचेच्या काही पेशींतच घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि ग्रहणाने किंवा विळीने तर मुळीच होत नाही. सुनेला दोष देणे आजच थांबवावे, हे मी आग्रहाने सांगतो.

यासाठी ‘पल्स्ड डाय’ लेसर वापरतात. 585 किंवा 595 नॅनोमीटर तरंगलांबीचा त्याचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, रुंदावलेल्या केशवाहिन्या त्या उष्णतेने बंद होतात आणि वरची त्वचा बव्हंशी वाचते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. डाग फिका होतो, पूर्णपणे जाईलच असे नाही. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस जांभळे वण दिसतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर रंग कमी-जास्त होण्याचा धोका असल्याने ऊन टाळावे लागते. उपचार तान्हेपणी सुरू केल्यास परिणाम सहसा चांगला मिळतो, म्हणून बेळगाव किंवा कोल्हापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांना आधी भेटावे आणि नेमका हाच लेसर त्यांच्याकडे आहे का, हे विचारावे; तपकिरी डागांसाठी वापरले जाणारे यंत्र येथे उपयोगी नाही. डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवरही असेल, तर डोळ्यातील दाब नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, आणि बाळाला झटके आल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.