साताऱ्याजवळ गुडघेदुखी असलेली आई आणि लहान मूल यांना नेता येईल असा सोपा धबधबा कोणता?

तुम्ही लिहिलंय की आईंचे गुडघे दुखतात, मुलगी ५ वर्षांची आहे, आणि पुण्याहून रविवारी सकाळी निघून रात्री घरी परतायचंय. मग ठोसेघर. भांबवलीच्या वजराईचे फोटो बघून तिकडे वळू नका. धबधबा तो दणदणीतच आहे, पण भर पावसात वाट निसरडी, त्यात जळवा. आईंना कुठंतरी मध्येच बसवून तुम्ही पुढे जाणार आणि निम्मा जीव मागेच राहणार. त्यात कसली मजा?

मी साताऱ्याचा. पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना ठोसेघर दाखवून आणणं हे आमच्या घरात माझ्याकडेच लागलेलं काम आहे, त्यामुळे वाटेतली वळणं आता पाठ झालीत.

साताऱ्यात आलात की समर्थ मंदिराकडून बोगदा गाठायचा. अलीकडून यवतेश्वरचा घाट चढणारा रस्ता कासच्या फुलांच्या पठाराकडे जातो. सप्टेंबरात निम्मं पुणं त्या रस्त्यावर असतं, त्यांच्या मागोमाग जाऊ नका. आपण बोगद्यातून पलीकडे निघायचं. सज्जनगडाचा फाटा सोडला की बोरणे घाट लागतो, आणि चढताना खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसायला लागतं. शहरापासून सगळं मिळून पंचवीसएक किलोमीटर. पण घाटात धुकं असेल तर तास धरा. गाडीचे दिवे लावा आणि कुणी मागून हॉर्न मारला तरी घाई करू नका. या घाटात फोटोसाठी थांबू नका हेही सांगून ठेवतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथंच एक पर्यटक फोटोच्या नादात दरीत कोसळली होती. होमगार्ड आणि गावकऱ्यांनी दोर लावून वर काढलं म्हणून वाचली.

आता चालण्याचं. गाडी लावून तिकीट काढलं की झाडीतून खाली उतरणारी बांधलेली वाट आहे. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी नुसता उतार. धडधाकट माणूस दहा-पंधरा मिनिटांत गॅलरीपाशी पोचतो. माझ्या आईला पंचवीस लागतात, ती सत्तरीची आहे आणि दोन्ही गुडघे वाजतात. लोक चढाला घाबरतात, पण गुडघ्याचं खरं दुखणं उतरताना असतं. त्यामुळे जाताना वेळ द्या, येताना फक्त दम लागतो. आईंना काठी द्या, पायऱ्या आडव्या पायानं उतरू द्या, आणि रबरी तळ गुळगुळीत झालेली चप्पल घरीच ठेवा. दगडांवर शेवाळ असतंच. चाकाच्या खुर्चीला मात्र ही वाट जमणार नाही, पायऱ्या आहेत.

खाली एका अंगाला धाकटा धबधबा, आणि दरीपलीकडच्या कड्यावरून पडणारा थोरला. थोरला बघायला समोरच्या बाजूनं कठडे घालून गॅलरी केलीय. म्हणजे धबधबा दरीच्या त्या तिरावर, तुम्ही या तिरावर. पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. लेकीनं आल्याआल्या "भिजायचं" म्हणून हट्ट धरला तर तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतरी तुषारांनी आणि पावसानं ती भिजणारच आहे.

एक गोष्ट तेवढी नक्की करा: थांबा. गॅलरीत पोचल्यावर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. समोर पांढरी चादर, आणि तिच्यामागून नुसता गडगडाट. लोक येतात, त्या पांढऱ्यासमोर उभं राहून सेल्फी काढतात, "काय नाय दिसत" म्हणतात आणि माघारी फिरतात. मागे एका जुलैत मी आईला घेऊन गेलो होतो. वीस मिनिटं नुसतं धुकं. आई म्हणाली, "एवढ्यासाठी पायऱ्या उतरायला लावल्यास होय रे?" मला लाज वाटली. म्हटलं, तू बस, मी गाडी जवळ आणून लावतो. मी वर पोचलो आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळा कडा उघडा पडला. दोनेक मिनिटं होता म्हणे, परत झाकला. आईनं डोळे भरून पाहिलं. मी काही पाहिलं नाही. अजून पाहुण्यांसमोर ती हे रंगवून सांगते.

तर छत्री, थर्मासमधला चहा आणि अर्धा तास एवढं हाताशी ठेवून बसा. वाराच काम करतो. इतका वारा का, ते कळायला अजून थोडं पुढे चाळकेवाडीला जा. मोठं सपाट जांभ्याचं पठार आहे, त्यावर पवनचक्क्यांची रांग. धुक्यातून एखादं पातं डोक्यावरून येतं आणि परत गायब होतं. लहान मुलांना धबधब्यापेक्षा हेच जास्त आवडतं, असा माझा अनुभव. इथं चालणं जवळजवळ शून्य, आई गाडीत बसूनही बघू शकतात. पावसाच्या शेवटी पठारावर बारीक बारीक फुलं येतात, ती तुडवू नका. आणि मुलीला सांगायला एक गंमत: या पठारावर एक सरडा आहे, विणीच्या दिवसांत नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवून मादीला दाखवतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं ते 'सरडा सुपर्बा'. पहिला शब्द आपल्या मराठीतलाच उचललाय. बघायचा असेल तर मात्र पावसाच्या आधी, एप्रिल-मेच्या उन्हात यावं लागेल.

सज्जनगड वाटेतच आहे, समर्थ रामदासांची समाधी आहे. आईंची इच्छा होणारच. गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत आणि त्या ठोसेघरच्या पायऱ्यांपेक्षा जास्त. एकाच दिवशी दोन्ही करू नका, निदान या गुडघ्यांनी तरी. गडासाठी थंडीत वेगळी फेरी काढा.

कधी यायचं? जुलै ते सप्टेंबर. डिसेंबरनंतर पाण्याची धार उरते, फोटो बघून आलेल्यांची निराशा होते. रविवारीच येणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोचा, अकरानंतर गाडी लावण्यावरून भांडणं बघत बसावं लागतं. आणि निघण्याच्या आदल्या रात्री बातम्या बघा. अतिवृष्टीचा इशारा असला की जिल्हा प्रशासन धबधबे पर्यटकांना बंद करतं. तसं झालं तर घाटात रेंगाळू नका, साताऱ्यातच फिरा.

एसटीनं येत असाल तर सातारा स्टँडवरून गाडी मिळते, पण फेऱ्या मोजक्या. उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्या.

खाण्याची काळजी नको, वर भाजलेलं कणीस, कांदाभजी, चहा मिळतो. कंदी पेढे मात्र हायवेवर नको, परतताना मोती चौकात थांबून घ्या. पार्किंगचा वैताग आहे, तुम्ही गाडीत बसा आणि आईंना उतरू द्या, तेवढं त्या चालतील.