जुने किमयागार सोनं बनवायला कोणत्या भट्ट्या आणि भांडी वापरायचे?

किमयागार म्हटलं की युरोपातलं काचेच्या नळ्यांनी भरलेलं तळघर डोळ्यांपुढे येतं. मी बीएएमएसला रसशास्त्र, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करायची विद्या, शिकलो, त्यामुळे आपल्याकडच्या सामानाबद्दल सांगतो. तेराव्या शतकाच्या आसपासच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात ते तपशीलवार दिलंय. बहुतेक सगळं मातीचं.

खरी अडचण आचेची. थर्मामीटर नाही, मग मोजायचं कसं? गोवऱ्या मोजून! पुट म्हणजे अशी ठरलेली आच. कपोतपुटाला ८ गोवऱ्या. गजपुटाला खड्ड्यात खाली १०००, मधे औषधाचं संपुट (मातीच्या दोन परळांचं लिंपून बंद केलेलं भांडं), वर आणखी ५००. पेटवायचं आणि आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही.

हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या खनिजातून, पारा काढायला डमरुयंत्र: दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा कपडमातीने (माती लावलेल्या कापडाने) बंद, वरच्या बुडावर ओलं फडकं. पारा वरच्या मडक्यात आतून थेंबाथेंबाने धरतो. (घरी करून बघू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते.)

पण माझ्या मते सगळ्यात डोकेबाज भांडं जस्ताचं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि खनिजातून सुटायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे धातू हाती येतो तो वाफ होऊनच, आणि हवा लागली की जळून पांढरी भुकटी. म्हणून वांग्याच्या आकाराची मूस (धातू तापवायचं मातीचं भांडं), तिला १२ अंगुळं नळी, नळीचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. ज्वाला निळीची पांढरी झाली की मूस सांडशीने धरून उलटी करायची, असं ग्रंथ सांगतो.

ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. उदयपूरजवळ जावर इथे १९८३ साली अशाच मुशींच्या ७ भट्ट्या ओळीने सापडल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी, तोंडं खाली, भोकं पाडलेल्या मातीच्या जाळीतून. वर जाळ, खाली गार कप्पा, त्यात जस्त थेंब थेंब गळायचं. उलट्या मुशीतला माल सांडू नये म्हणून नळीत काडी खोचायचे. ती जळून गेली की वाफेला वाट मोकळी!

राहिलं सोनं. खापऱ्याने, म्हणजे जस्ताच्या खनिजाने, तांब्याचं सोनं होतं असं रसग्रंथ म्हणतात. होतं ते पितळ.