गोळ्या चालू असताना मानसशास्त्रज्ञ कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी भास थांबले. परंतु ते दिवसभर पडून राहतात, अंघोळही टाळतात. सासूबाई त्यांना आळशी म्हणतात. डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञांकडे जाण्यास सुचविले आहे. नुसत्या बोलण्याने काय होणार? – एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपण ज्याला आळस समजता, तो बहुधा आजाराचाच भाग आहे. भास व संशय यांवर औषधे चांगली चालतात, पण मंदावलेली इच्छाशक्ती आणि माणसांत मिसळण्याची टाळाटाळ यांवर त्यांचा परिणाम तोकडा पडतो, आणि नेमके तेथेच मानसशास्त्रज्ञांचे काम सुरू होते. ते दिवसाची लहान लहान कामे ठरवून देतात : प्रथम अंघोळ, मग अंगणापर्यंत फेरी, पुढे केळीच्या बागेत घडांवर पिशव्या चढविण्यास तासभर मदत. झोप उडणे, पुटपुटणे अशी आजार उलटण्याची चिन्हे ओळखण्यास ते घरच्यांनाही शिकवितात. सततची टीका होणाऱ्या घरांत हा आजार अधिक वेळा उलटतो, असे १९६० च्या दशकापासूनच्या संशोधनात वारंवार आढळले आहे, म्हणून सासूबाईंनीही सोबत जावे (रुग्णापेक्षा त्यांचेच मन वळविणे कदाचित अवघड जाईल!). गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो. खासगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावे.