हाती असलेले ४६ तास

नोकरी आणि संसार सांभाळून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: अभ्यासाला वेळच मिळत नाही, तर अर्ज भरला असला तरी परीक्षेला बसावे की या वेळी सोडून द्यावे? या प्रश्नाचे उत्तर मी सरसकट देत नाही. घरात गंभीर आजारपण असेल किंवा स्वतःचीच प्रकृती खालावलेली असेल, तर पुढच्या जाहिरातीची वाट पाहावी असे मी स्पष्ट सांगते. परंतु इतर अनेकींच्या बाबतीत वेळ कमी असण्यापेक्षा आहे तो वेळ किती आहे हेच ठाऊक नसणे ही खरी अडचण असते. गोव्यातल्या माशेलहून आलेल्या सुलभाच्या बाबतीत (नाव अर्थातच बदलले आहे) मला हे फार ठळकपणे दिसले.

सुलभा २९ वर्षांची, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग विभागात काम करणारी, चार वर्षांच्या मुलाची आई. एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कनिष्ठ लिपिकाच्या, परीक्षेला सहा आठवडे उरले होते आणि त्यातच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येत होती. तिने वहीत सुबक वेळापत्रक आखून आणले होते. त्यात रोज चार तास अभ्यास लिहिलेला होता आणि मागच्या सोळा दिवसांपैकी एकाही दिवशी तो पुरा झालेला नव्हता. ‘‘ताई, मी आळशी आहे का हो?’’ असे तिने विचारले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. पहाटे पाचला उठून डबा, मुलाचे आवरणे, कारखान्यातली पाळी, संध्याकाळचा स्वयंपाक हे सारे उरकून रात्री अकराला पुस्तक उघडणारी बाई स्वतःला आळशी म्हणते, हे ऐकताना मला आजही वाईट वाटते.

मी तिला नवे वेळापत्रक दिले नाही. आठवडाभर फक्त एवढेच करायला सांगितले, की खरोखर किती मिनिटे अभ्यास झाला आणि तो कोणत्या वेळी झाला, याची प्रामाणिक नोंद ठेवायची, वाढवायचा प्रयत्न करायचा नाही. पुढच्या भेटीत आम्ही त्या नोंदी समोर ठेवून हिशेब केला. सकाळी मूल उठण्यापूर्वीची चाळीस मिनिटे आणि बसमधली जाता-येतानाची वीस-वीस मिनिटे असा कामाच्या दिवशी एक तास वीस मिनिटांचा, तर रविवारी दुपारी तीन तासांचा वेळ तिला नक्की मिळत होता. म्हणजे आठवड्याला अकरा तास. उरलेल्या पाच आठवड्यांतून चवथीचे पाच दिवस वगळले तर सुमारे ४६ तास. हा आकडा कागदावर लिहिल्यावर ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे अगदीच काही नाही असे नाही.’’ अपुऱ्या राहणाऱ्या चार तासांपेक्षा पुरा होणारा सव्वा तास माणसाला अधिक बळ देतो, असा माझा अनुभव आहे.

त्या नोंदींतून आणखी एक गोष्ट उघड झाली होती. रात्री अकरानंतरच्या वाचनापुढे तिने स्वतःच ‘तीन पाने, आठवत नाही’ असे तीनदा लिहिले होते. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होत असते, त्यामुळे झोप तोडून केलेला हा अभ्यास दोन्हीकडून तोट्याचा ठरतो. मी तिला साडेदहाला झोपायलाच सांगितले. हे पटायला तिला सर्वांत जड गेले, कारण जागरण केले की कष्ट केल्याचे समाधान तरी मिळते.

आता प्रश्न ४६ तासांत काय करायचे हा होता. सामान्य ज्ञानाचा गोव्यासंबंधीचा भाग तिने चार वेळा वाचला होता आणि प्रत्येक वेळी खुणेच्या पेनाने नव्या रंगाच्या रेघा मारल्या होत्या. मी पुस्तक मिटून कोरा कागद पुढे ठेवला आणि पोर्तुगीज राजवटीतून गोव्याच्या मुक्तीपासून राज्याच्या दर्जापर्यंतचा क्रम लिहायला सांगितला. १९६१ तिने लगेच लिहिले. त्यानंतर जनमत कौलापुढे १९६३ लिहून खोडले, १९८७ लिहून तेही खोडले आणि पेन खाली ठेवले. ‘‘पान डोळ्यांसमोर दिसते आहे, पण आकडा दिसत नाही,’’ असे ती म्हणाली. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख आपल्याला आठवण वाटते. १८८५ साली हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते हे दाखवले होते. पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांना असे आढळले, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी सरस ठरतात, परंतु आठवड्याने पाहिले तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलेले असते. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याने हे अवश्य लक्षात घ्यावे असे मला वाटते.

आम्ही तोच क्रम कारणांसह बांधला. १९ डिसेंबर १९६१ला मुक्ती. मग १९६३च्या पहिल्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हा वाद पेटल्यामुळे १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. त्यात संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळे राहण्याचा निर्णय. आणि ३० मे १९८७ला घटक राज्य. पुस्तक मिटून तिने हे मला दोनदा सांगितले. मग अशा प्रश्नांच्या चिठ्ठ्या बससाठी, गणित सकाळच्या ताज्या डोक्यासाठी आणि घड्याळ लावून सोडवायची सरावाची पूर्ण प्रश्नपत्रिका रविवारसाठी, अशी वाटणी ठरली. चिठ्ठी चुकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायची, बरोबर आली की चार दिवसांनी.

काही सोडूनही द्यावे लागले. पहिल्या सरावपत्रिकेत तिचे शेकडेवारीचे सहा प्रश्न चुकले होते आणि बैठक व्यवस्थेच्या एका कोड्यावर अकरा मिनिटे गेली होती. शेकडेवारी आठ-दहा तासांत सुधारण्याजोगी होती, कोड्यांचे तसे नव्हते, म्हणून ती आम्ही बाजूला ठेवली.

घरच्यांशी बोलणे मात्र तिलाच करायचे होते. सकाळची चाळीस मिनिटे मूल उठले तरी नवऱ्याने पाहावे, एवढीच मागणी तिने केली आणि ती मान्य झाली. चवथीच्या आधी सासूबाईंसोबत नेवऱ्या (करंज्या) करायला बसली तेव्हा नणंद चिठ्ठ्या घेऊन समोर बसली होती. नेवरीला मुरड घालता घालता सुलभा उत्तरे देत होती आणि जनमत कौलाचे वर्ष तिच्याआधी सासूबाईंनीच सांगितले. त्या कौलाच्या वेळी त्या लहान होत्या, पण घरातली मोठ्यांची भांडणे त्यांना आठवत होती.

परीक्षेनंतर आठवड्याने ती येऊन गेली. वेळेत संपूर्ण प्रश्नपत्रिका प्रथमच पाहून झाली, दोन कोडी ठरवून सोडली, असे तिने सांगितले. निकाल अजून लागायचा आहे. सकाळची चाळीस मिनिटे तिने चालूच ठेवली असून सध्या चक्रवाढ व्याजाची उदाहरणे चालली आहेत.