तीन दिवस कच्च्या रस्त्यांवर युनिसायकलने (एकचाकी सायकलने) फिरायचं, तर सामान किती आणि कसं न्यावं?

तुमचा बेत असा दिसतोय: नाशिकहून गिरणारे, वाघेरा, हरसूल, त्र्यंबक असं शेतरस्त्यांनी तीन दिवसांत फिरून यायचं, 29 इंची चाकाची युनिसायकल, सामान वाहायला सोबत गाडी नाही. युनिसायकलस्वार एड प्रॅटने केलं तसं चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवू की सगळं पाठीवर घेऊ, हा तुमचा प्रश्न. पिशव्या नकोतच. पाठीवरही पाण्यासकट चार किलोंच्या वर जाऊ नका, मी स्वतः तेवढीच मर्यादा पाळतो.

प्रॅट 2015 ते 2018 या काळात युनिसायकलने जगाची फेरी मारून आला, पण 36 इंची चाकावर आणि बहुतेक पक्क्या रस्त्यांनी. बैलगाडीच्या चाकोरीत चाक सारखं डावं-उजवं वळवावं लागतं. तिथे बाजूच्या पिशव्या प्रत्येक वळणाला मागे ओढतात आणि बांधाला घासतात.

पाठीवरच्या वजनाचा खरा त्रास चालवताना कमी, उतरून पुन्हा सीटवर चढताना जास्त होतो. दगड, चढ, समोरून येणारी गुरं, कशाने ना कशाने दिवसभर खाली उतरावं लागणारच, आणि प्रत्येक वेळी आधाराशिवाय चढायचं. म्हणून निघण्याआधी भरलेली सॅक बांधून मातीच्या हलक्या चढावर युनिसायकलवर बसून बघा, तेही दिवसभराच्या कामाने दमल्यावर. जमत नसेल तर सामान जास्त आहे, वजनकाटा काहीही दाखवो. उतारावरही हेच वजन गुडघ्यांवर येतं. आपल्याकडे फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी सोय) नाही, चाक फिरलं की पाय फिरणारच.

सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाणी. तीन लिटर भरून निघायचा मोह होतो, पण दीड लिटर पुरे. कच्च्या वाटेवर ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर वेग जात नाही हे खरं, पण या पट्ट्यात गावं आणि पाडे जवळजवळ आहेत. हापसा दिसला की भरून घ्या, सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. नळीवाली पाण्याची पिशवी वापरत असाल तर भरल्यावर ती उलटी धरा आणि नळीतून आतली हवा ओढून घ्या. हवा राहिली की पाणी डुचमळतं आणि तोल सावरताना तो हेलकावा पाठीत स्पष्ट जाणवतो. हवा काढली की पिशवी पाठीला गप्प चिकटून बसते. छातीचा आणि कमरेचा पट्टा दोन्ही आवळा.

तंबू, स्टोव्ह, भांडी घरीच ठेवा. त्र्यंबकला धर्मशाळा आणि लॉज आहेत. बाकी ठिकाणी उजेड असतानाच गावात पोहोचून देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर झोपायची परवानगी विचारा. चटई-गोधडी बहुधा मिळते, जेवणाचे पैसे मात्र आग्रहाने द्या. अंगाखाली घ्यायला एक पातळ चादर आणि घडी करून मुठीत मावेल असं जाकीट न्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची पहाट चांगलीच बोचते. खाऊ म्हणून गूळ-शेंगदाणे.

कपडे: अंगावर एक जोड, सॅकमध्ये एक. पॅडवाल्या शॉर्ट्स मात्र दोन हव्यातच, कारण इथे जवळजवळ सगळं वजन सीटवर असतं. रोज संध्याकाळी एक धुवायची, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ती सकाळपर्यंत बरीच वाळते. व्हॅसलिनची छोटी डबी विसरू नका. मांडी सोलली की तिसरा दिवस पायीच जातो. गुडघ्याचे, नडगीचे आणि मनगटाचे गार्ड अंगावरच असतील, ते सामानात धरू नका.

हत्यारांत आपण सुखी: चेन नाही, गिअर नाहीत. एक ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, छोटा पंप, आणि सीट, पेडल व क्रँकच्या (पेडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीच्या) बोल्टांना बसतील अशा चाव्या. क्रँकच्या बोल्टाची चावी वेगळी तपासा, कारण घडीच्या टूलमध्ये ती बरेचदा नसते किंवा तिचा दांडा इतका आखूड असतो की जोर लागत नाही. गावात पंक्चर निघेल, पण 29 इंची जाड टायरची ट्यूब मिळणं कठीण. रिमचं भोक पुरेसं मोठं असेल तर मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब टाका, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. सामानासह निघताना नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवा. सगळा भार एकाच टायरवर आहे आणि दगडावर रिम आपटली की ट्यूब गेलीच.

ही हत्यारं सीटखाली घट्ट बांधा, मांड्यांना लागणार नाहीत इतक्या अरुंद पिशवीत. सीटच्या मागच्या टोकाला मात्र काहीही लटकवू नका. युनिसायकल हातातून सुटली की सीटचं पुढचं किंवा मागचं टोकच आधी जमिनीवर आपटतं. फोन आणि पॉवर बँक सॅकमध्ये, चादरीच्या घडीत.

आणखी एक. हरसूल आणि त्र्यंबक दोन्हीकडून नाशिकला एसटी आहे. बसमध्ये नेताना युनिसायकल आटोपशीर व्हावी म्हणून सीटपोस्ट (सीटची दांडी) काढायची चावी हाताशी ठेवा आणि सुटे पैसे वेगळ्या खिशात. गुडघा कुरकुरायला लागला तर दुसऱ्या दिवशीच बस पकडा, उरलेला रस्ता पुढच्या वेळी करता येईल.