पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अगदी छोट्या जातीची ऑर्किड जगतील का? कोणती घ्यावीत?

पूर्वेकडची बाल्कनी आहे, फोटोत बघून मास्डेव्हेलिया मनात भरली आहे आणि ती मागवू का, असं तुम्ही विचारलंय. बाल्कनी चांगली आहे. मास्डेव्हेलिया मात्र सोडून द्या. ती अँडीजच्या धुक्यातल्या जंगलांत वाढते. तिला दिवसा 25 अंशांच्या आतलं तापमान आणि रात्री 10 ते 14 अंशांचा गारवा लागतो. पुण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा सहसा 22-23 च्या खाली जात नाही. ड्रॅक्युला आणि बहुतेक लेपँथेस या ऑर्किडचंही तेच. एसीच्या खोलीत ठेवूनही भागत नाही, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. काचेचं दार असलेल्या फ्रिजमध्ये दिवे आणि पंखे बसवून ही झाडं वाढवणारे लोक आहेत, पण सुरुवात तिथून करू नये.

जात निवडताना फूल बघू नका, रात्रीचं तापमान बघा. तुमच्याकडे टिकतील अशा चार जाती सांगतो. तैवानची गॅस्ट्रोकायलस रेट्रोकॅलस (जुन्या लेबलांवर हॅरेला) जेमतेम 5 सेंमीची असते. फूल पिवळं, मधोमध तपकिरी-जांभळा डाग, आणि ती वर्षातून अनेकदा फुलते. शोएनॉर्किस फ्रॅग्रन्स त्याहून लहान, जाड पानांची आणि उष्णता सोसणारी. ईशान्य भारतातली डेंड्रोबियम जेन्किन्सी, आणि जपानची नीओफिनेटिया, जिला आता व्हँडा फाल्काटा म्हणतात. शेवटच्या दोघींना पुण्यातली डिसेंबरची थंडी मानवते. मुंबईत हिवाळाच नसतो, म्हणून तिथल्या माणसाला मी पहिल्या दोनच सांगेन.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाणी साठलेलं असतं, आठवडाभर दुर्लक्ष झालं तरी ते तगतं. चार-पाच सेंमीच्या झाडाकडे अशी शिल्लक नसते. त्यामुळे सगळं गणित एकाच गोष्टीवर येतं: भिजल्यानंतर मूळ किती तासांत वाळतं. हे डोळ्यांनी दिसतं. मुळावरचं स्पंजासारखं आवरण कोरडं असताना रुपेरी-पांढरं असतं, पाणी पडलं की काही सेकंदांत हिरवं होतं. सकाळी भिजवा आणि दर तासाने बघा. तीन-चार तासांत पुन्हा पांढरं झालं तर उत्तम. वीस मिनिटांत झालं तर खाली मॉस (ओल धरणारं शेवाळ) हवं, किंवा जागा कमी वाऱ्याची हवी. दुसऱ्या दिवशी सकाळीही मूळ हिरवंच असेल तर आठ-पंधरा दिवसांत ते पोकळ होईल. चिमटीत दाबलं की साल निसटून आतली दोरी हातात येते.

म्हणूनच या झाडांना कुंडीपेक्षा फळी बरी. सागाचा 15 बाय 8 सेंमीचा, दोनेक सेंमी जाडीचा, पॉलिश किंवा रंग नसलेला तुकडा घ्या. जुन्या मंगलोरी कौलाचा तुकडाही छान चालतो. पेरूची फांदी नको, तिची साल सुटते आणि सालीबरोबर झाडही सुटतं. नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि ते एक-दोन पावसाळ्यांत कुजतं. लाकूड तीन-चार दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला.

बांधण्याआधी झाडाची मुळं वीस मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे ती वाकतात. कोरडी असताना वाकवली की काडकन मोडतात. भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस 3-4 मिलिमीटर जाडीचं पसरा, त्यावर मुळं मोकळी करा. खोडाच्या बुडाशी मॉस लावू नका, कुजायला तिथूनच सुरुवात होते. मग मासे पकडायच्या गळाचा बारीक तंगूस मुळांवरून चार-पाच वेढे घेऊन मागे गाठ मारा. तांब्याची तार अजिबात वापरू नका, तांबं मुळांना विषारी असतं. शेवटी फळी हातात धरून हलवा. झाड डुलत असेल तर वेढे पुन्हा घ्या, कारण डुलणाऱ्या झाडाचं नवं मूळटोक लाकडावर घासून मरतं. शेंडा किंचित खाली झुकेल असं टांगा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवा. नवं हिरवं मूळटोक दिसेपर्यंत खत नको.

पाण्याचं म्हणाल तर पाचसहाशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आधी घ्या, झाड नंतर. 100 पीपीएमच्या आत उत्तम. 200 पर्यंत आठवड्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने धुऊन निभावतं. 300 च्या वर मुळांची टोकं काळी पडू लागतात. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळतात तेव्हा आकडा कुठल्या कुठे जातो, म्हणून मार्चपासून दर आठवड्याला मोजा. आकडा वाढला की पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी नाही, त्यात क्षार एकवटलेले असतात.

पाणी एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि सूर्य कलल्यावर असं दोनदा, पावसाळ्यात हवा दमट असेल तर दोन-तीन दिवसांतून एकदा आणि झाड पागोळ्यांपासून दूर, हिवाळ्यात सकाळी एकदा. फवारणीने आर्द्रता वाढते ती पाच-दहा मिनिटांपुरती. दुपारी हवा रखरखीत असेल तर फळ्यांमागे ओलं गोणपाट टांगा, त्याचा उपयोग जास्त होतो. पावसाळ्यात मात्र यूएसबीवर चालणारा छोटा पंखा रात्रभर लावा. माझ्या मते या छंदात खतापेक्षा पंख्यावरचा खर्च जास्त सार्थकी लागतो. तोंड बंद केलेल्या काचेच्या बरणीतली ऑर्किड फोटोपुरती असतात. त्यात हवा हलत नाही, आणि बरणी उन्हात राहिली तर झाड शिजतं.

सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत चालेल, पुढे 50 टक्क्यांची शेडनेट. मोबाइलच्या, उजेड मोजणाऱ्या लक्स ॲपवर हॅरेलाला 8 ते 12 हजार, नीओफिनेटियाला 15 ते 25 हजार धरा. खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही नवी मुळं चालू असतील तेव्हाच. नुसतं आरओचं पाणी देत असाल तर महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला 0.2 ग्रॅम. दोन्हींचं घट्ट द्रावण एकत्र करू नका, खाली पांढरा गाळ बसतो.

जेन्किन्सीचं वेळापत्रक वेगळं. नोव्हेंबरच्या मध्यापासून खत बंद, पाणी पंधरवड्यातून एक-दोनदा शिंपडण्यापुरतं. कंद (फुगीर खोडं) सुरकुततात, सुरकुतू द्या. लाड करून पाणी दिलंत तर नुसती पानं वाढतील. कळी स्पष्ट दिसली की पाणी हळूहळू वाढवा. विकत घेताना सावध राहा, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या डेंड्रोबियम लिंडलेईची लहान रोपं जेन्किन्सी म्हणून सर्रास खपवतात. फुलल्यावर फरक कळतो: जेन्किन्सीच्या दांड्यावर एक ते तीन फुलं, लिंडलेईचा लोंबता घोस.

रोप खरेदीबद्दल आणखी थोडं. तुटलेली जाडजूड मुळं, पानांवर दगडफुलासारखे डाग, प्रत्येक झाड वेगळ्या आकाराचं आणि भाव किलोवर, असं असेल तर तो माल जंगलातून ओरबाडलेला आहे. आंबोली-महाबळेश्वरकडची झाडंही आणू नका. राखीव वनातून काहीही काढणं भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे. शिवाय तिकडची डेंड्रोबियम मायक्रोबल्बन, पॉरपॅक्स ही छोटी ऑर्किड पावसाळा आणि कडकडीत कोरडा काळ या चक्रावर जगतात, बाल्कनीत त्यांचं ते चक्र मोडतं. परदेशातून मागवायचं तर सगळं ऑर्किड कुळ साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. साइट्सचा परवाना, रोगमुक्तीचं प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा आयात परवाना लागतो. पार्सलवर 'गिफ्ट' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

कीड आली तर पिठ्या ढेकूण आणि खवले किडीवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावा. पानामागे बारीक जाळी आणि चंदेरी ठिपके दिसले तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत माजतो, म्हणून पानांची मागची बाजू पाण्याने धूत राहा. बुरशी दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड मारायची आपल्याकडे सवय आहे, पण डेंड्रोबियमवर ते मारू नका, पानं आणि कोंब भाजतात. आणि जुलैमध्ये मूळटोकं रात्रीत कुरतडलेली दिसली तर ती मॉसमध्ये लपणारी इवलीशी गोगलगाय. संध्याकाळी फळीला काकडीची चकती टेकवून ठेवा, रात्री दहाला टॉर्च घेऊन वेचा, आणि सलग आठ रात्री हे करा, कारण अंडी मॉसमध्येच असतात.