प्रिडेस्टिनेशन, प्रारब्ध आणि हद्दीचा दगड

प्रश्न : कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलं ते कशावरून, यावरच्या कॅल्विनवादी आणि आर्मिनियन ख्रिस्ती यांच्या वादावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'प्रिडेस्टिनेशन'ला 'प्रारब्ध' म्हटलं तर चालेल का? की 'नियती' बरं? आणि 'अपॉलॉजेटिक्स'साठी, म्हणजे धर्मावरच्या आक्षेपांना उत्तरं देण्याच्या शास्त्रासाठी, 'क्षमाशास्त्र' असा शब्द एके ठिकाणी वाचला. तो बरोबर आहे का?

उत्तर : नाही, नाही आणि अजिबात नाही.

प्रारब्ध आधी निकालात काढू. हा शब्द या जागी इतक्या वेळा कोंबलेला पाहिलाय की आता दिसला की मी पानच उलटतो. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे कर्माचे तीन भाग. संचितातलं जे फळ द्यायला लागलं, म्हणजे प्र+आ+रभ्, सुरू झालं, ते प्रारब्ध. त्याच्या मुळाशी माणसाची स्वतःचीच करणी असते. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याचा सगळा आटापिटा नेमका याच्या उलट सांगण्यासाठी आहे. 'इन्स्टिट्यूट्स' या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत, तिसऱ्या पुस्तकाच्या २१ ते २४ या प्रकरणांत, तो हेच घोटतो : देवाने निवडलं ते माणसाची लायकी पाहून नव्हे, आणि पुढे तो लायक ठरेल हे आधीच दिसलं म्हणूनही नव्हे. त्याचं हुकमी वचन रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायातलं. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मले नव्हते, दोघांनी बरंवाईट काहीच केलं नव्हतं, आणि निवड होऊन गेली होती. करणीच नाही तिथे प्रारब्ध आणायचं कुठून?

यावर 'पण सामान्य वाचकाला प्रारब्ध कळतं' असा युक्तिवाद हमखास येतो. कळतं, पण उलटं कळतं, त्याचं काय? गंमत म्हणजे याकोब-एसावच्या निवडीचं कारण आत्म्याच्या जन्मापूर्वीच्या लायकीत शोधणारा एक ख्रिस्ती विद्वान खरोखरच होऊन गेला. तिसऱ्या शतकातला ओरिजेन. तुमचा लेख त्याच्यावर असता तर प्रारब्ध मी एकवेळ खपवून घेतलं असतं.

दुसरी खोड 'प्री म्हणजे आधी, डेस्टिनेशन म्हणजे मुक्काम' या फोडीची. लॅटिन 'देस्तिनारे'चा मुक्कामाशी मुळात संबंध नाही. त्याचा अर्थ पक्कं रोवणं, बांधून टाकणं. हा आपल्या 'स्था'च्याच गोतावळ्यातला धातू. पण लॅटिन हे झालं भाषांतर. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने लिहिलं ग्रीकमध्ये, आणि तिथलं क्रियापद आहे 'प्रोओरिझो'. नव्या करारात ते जेमतेम ६ वेळा येतं, आणि त्यावरून भांडणं मात्र शतकानुशतकं चालली आहेत.

प्रो म्हणजे आधी. होरिझो म्हणजे हद्द घालणं. होरोस म्हणजे हद्द, आणि हद्दीचा दगडसुद्धा. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे भरचौकाच्या, कडेला असे दगड सापडले आहेत आणि त्यांवर कोरलंय : 'मी अगोराची हद्द आहे.' दगड स्वतःच प्रथमपुरुषी बोलतो! इंग्रजी 'होरायझन' इथलाच, दृष्टीला हद्द घालणारं वर्तुळ. म्हणजे क्षितिज आणि प्रिडेस्टिनेशन एका घरातले. आणि संस्कृतातल्या लुङ्-ला, म्हणजे भूतकाळाच्या एका रूपाला, युरोपीय वैयाकरण ज्या नावाने ओळखतात ते 'एऑरिस्ट'ही याच घरातलं : अ-ओरिस्टोस, हद्द न घातलेला. आता रोमकरांस पत्र ८:३० उघडा. 'आधी हद्द आखली' हे क्रियापद तिथे याच बेहद्द रूपात आहे. इतकंच नाही, त्या वचनातल्या क्रियापदांच्या साखळीतलं शेवटचं 'गौरव केला' हेसुद्धा. गौरव अजून व्हायचाय, पण रूप झाल्याचं. कॅल्विनवादी यावर टाळ्या वाजवतात. आर्मिनियन आधीच्या वचनातल्या 'आधी ओळखलं'वर बोट ठेवतात : कोण विश्वास ठेवील हे देवाने आधी जाणलं, मग नेमलं. दोघांनाही व्याकरण पुरेसं पडत नाही, हे उघड आहे.

माझा एक लाडका सिद्धांत आहे, तो सांगितल्याशिवाय सोडणार नाही. जगातली बहुतेक 'नशिबं' वाटणीची आहेत. नशीब हे अरबी 'नसीब', म्हणजे वाटा. किस्मत म्हणजे वाटणी. भाग्य 'भज्'पासून, भागाच्या घरचं. ग्रीकांची नियतीदेवता मोइरा, तिचाही अर्थ वाटा. 'तकदीर' आडवी येते खरी, ती मापाची. पण माप घेतल्याशिवाय वाटणी कसली? मी तिलाही वाटणीतच धरतो. या सगळ्या गर्दीत प्रोओरिझो एकटं हद्दीचं. वाटणीत तुमच्या पदरात काय पडलं ते पाहायचं, आखणीत आखणारा कोण ते पाहायचं. आणि इफिसकरांस पत्र १:११ मध्ये पौलाने दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसवलेत : 'एक्लेरोथेमेन', ज्यात क्लेरोस म्हणजे वाटा आहे, आणि लगेच 'प्रोओरिस्थेन्तेस'. वाटा मिळाला, कारण हद्द आधीच आखली होती. माझ्या सिद्धांताला यापेक्षा मोठा साक्षीदार नको.

म्हणून 'नियती' नको. तिच्यात 'नि+यम्' आहे, आवरणं आहे, व्युत्पत्तीने ती हद्दीच्या जवळचीच. पण मराठीत ती स्वतःच कर्ती होऊन बसली आहे. 'नियतीने डाव साधला' असं आपण म्हणतो. कॅल्विनने स्टोइक तत्त्वज्ञांचं अंध 'फातुम', म्हणजे दैव, स्पष्ट शब्दांत झिडकारलं होतं, आणि तत्त्वज्ञानाची आपली पुस्तकं त्याच्याच मताला 'दैववाद' म्हणून मोकळी होतात! हे लिहिणाऱ्यांनी कॅल्विनची चार पानं तरी चाळली असतील का, अशी शंका येते. 'पूर्वनियोजन'ला तर समितीच्या बैठकीचा वास येतो.

'पूर्वनेमणूक' लिहा. मराठी बायबलात या जागी 'नेमणे' हेच क्रियापद आहे आणि ते अचूक आहे. 'नेम' हा 'नियम'चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार, त्यामुळे यम्-ची हद्द आत शाबूत. नेमणूक म्हटली की नेमणारा आलाच. शिवाय आपण नेम धरतोही, आणि 'देस्तिनारे'चाही लॅटिनमध्ये नेम धरणं असा अर्थ होता. एवढं जुळून आलेलं असताना लोक प्रारब्धाकडे का धावतात, देव जाणे.

लेखात 'अनकंडिशनल इलेक्शन' येणारच, तेव्हा आताच सांगतो : 'बिनशर्त निवड'. 'बिनशर्त निवडणूक' नव्हे. १६१८-१९ च्या हॉलंडातल्या डॉर्टच्या धर्मसभेत या दोन पक्षांचा वाद निवडीचा होता, मतपेटीचा नव्हे.

राहिलं क्षमाशास्त्र. 'अपॉलॉजेटिक्स'च्या मुळाशी असलेला ग्रीक 'अपोलोगिया' हा कोर्टातला शब्द. फिर्याद ती 'कातेगोरिया', तिला दिलेलं उत्तर ते 'अपोलोगिया'. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसने जी दिली ती हीच, आणि त्यात माफीचं नाव नाही. दोषी ठरल्यावर काय शिक्षा हवी असं विचारलं, तर या गृहस्थाने सरकारी खर्चाने जेवण मागितलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलंय, तिथेही हाच शब्द. 'धर्मसमर्थन' रूढ आहे, चालू द्या. मी मात्र 'कैफियत' लिहीन. अरबी 'कैफ' म्हणजे कसं. काय नि कसं घडलं ते सांगणं म्हणजे कैफियत. जस्टिन या ख्रिस्ती विद्वानाने इ.स. १५५ च्या सुमारास रोमन सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून लिहिलेली अपोलोगिया वाचा, ती सरळसरळ कैफियतच आहे : नुसत्या 'ख्रिस्ती' या नावावरून शिक्षा देऊ नका, गुन्हा काय केला ते तपासा.